खोली बघण्याआधी विषय विचारा

माझी चूक आधी सांगते. करमाळ्याहून सोलापूरच्या केगावला विद्यापीठात एम.एस्सी.ला आले, तेव्हा गावाकडच्या ओळखीने चौघींनी मिळून खोली घेतली. एक कॉमर्सची, एक बी.एड.ची, एक स्पर्धा परीक्षेवाली आणि मी केमिस्ट्रीची. माझा पेपर उद्या, तर शेजारच्या गादीवर आजच पेपर सुटल्याची भेळ. दुसऱ्या सेमिस्टरला वर्गातल्याच तिघींना गाठलं. तेव्हापासून ‘कुठल्या गावची?’च्या आधी ‘कुठला विषय?’ विचारते.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात अलेक्झांडर मीकलजॉन या शिक्षणतज्ज्ञांनी १९२७ मध्ये एकाच वसतिगृहात राहून एकत्र शिकण्याचा प्रयोग केला होता. तो पाच वर्षं चालला. आमचा तीन सेमिस्टर. पण आमच्याकडे नळाला रोज पाणी नव्हतं!

म्हणून मालकाला भाड्याआधी पाणी किती दिवसांनी येतं आणि टाकी केवढी आहे, ते विचारा. आमचा नळ रात्री दोनला यायचा. सगळ्या जाग्याच, म्हणून बादल्या भरेपर्यंत एकीने एक रिअॅक्शन समजावायची असं ठरलं. एसएन-१ आणि एसएन-२, म्हणजे रेणूतला एक गट जाऊन त्याच्या जागी दुसरा येण्याच्या दोन रीती, मला तिथेच कळल्या. एसटीत बसलेला आधी उतरला, जागा रिकामी झाली, मग दुसरा बसला, ही एसएन-१. एसएन-२ मध्ये नवा एका बाजूने घुसतो आणि त्याच दमात जुना दुसऱ्या बाजूने ढकलला जातो. भरलेल्या पंढरपूर गाडीत चढलेल्याला जास्त सांगायला नको.

फळा घ्याच, छोटा चालतो. वाचलेलं चौघींसमोर खडूने लिहायला लागलं की आपल्याला कुठे येत नाही ते लगेच उघडं पडतं. जर्नल मात्र ज्याचं त्याने लिहायचं. खर्चाची वही एकच, गॅस संपल्याची तारीखसुद्धा त्यात. आमचं सगळ्यात मोठं भांडण सिलिंडरवरूनच झालं.

सगळ्यांनी एकत्र राहिलंच पाहिजे असंही नाही. सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागातली एक मैत्रीण घरीच राहायची, फक्त शनिवारी यायची. अडलं की आधी तेलुगूत पुटपुटायची, मग मराठीत सांगायची. येताना कडक भाकरी आणि शेंगा चटणी आणायची, त्यामुळे शनिवारी कुणी दांडी मारत नसे.

आणि जानेवारीच्या आधी पाहुण्यांचं ठरवून ठेवा. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला प्रत्येकीच्या गावाहून कुणी ना कुणी मुक्कामाला येतंच. आमचा नियम होता: दोन रात्री, आणि पाहुणी जिची, गादीही तिचीच.