वसतिगृहात राहून बी.एस्सी. करताय? शिष्यवृत्तीच्या या चुका टाळा

मराठवाड्यातल्या निवासी महाविद्यालयात बी.एस्सी.ला आलेल्या लेकराची शिष्यवृत्ती हुकते, तेव्हा गुण क्वचितच आडवे येतात. फॉर्ममध्ये चुकीचा पर्याय निवडलेला असतो, नाहीतर एखादा कागद गावाकडेच राहिलेला असतो. मी रसायनशास्त्र शिकवते आणि दरवर्षी विद्यार्थ्यांसोबत हे फॉर्म घेऊन बसते. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. त्यांतल्या बहुतेक अर्ध्या तासात टाळता येण्यासारख्या असतात आणि त्यांच्यापायी एखाद्या पोरीचं मेसचं बिल वर्षभर थकतं, हे बघवत नाही.

हॉस्टेलला राहता आणि फॉर्ममध्ये डे स्कॉलर होता

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज भरताना वसतिगृहाची माहिती वेगळ्या भागात विचारली जाते. बरेच विद्यार्थी घाईत "नाही" निवडून पुढे जातात, कारण "हो" म्हटलं की वसतिगृहाचं नाव, प्रवेशाची तारीख आणि दाखला मागितला जातो. त्या एका "नाही"चा फटका मोठा असतो. अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत साध्या पदवी अभ्यासक्रमाला घरून येणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला 3,000 रुपये, तर वसतिगृहात राहणाऱ्याला 6,000 रुपये शैक्षणिक भत्ता आहे. म्हणजे थेट निम्मी रक्कम जाते. प्रवेश मिळाला त्याच आठवड्यात रेक्टरकडून वसतिगृहाचा दाखला घ्या. त्यावर प्रवेशाची तारीख आणि शिक्का असला पाहिजे. नुसती फीची पावती पुढे तपासणीत अडते.

फी आणि राहण्याचा खर्च या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती फीसाठी आहे, तिची उत्पन्नमर्यादा 8 लाख रुपये. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता राहण्या-खाण्यासाठी आहे, त्यात अल्पभूधारक शेतकऱ्यांची आणि नोंदणीकृत मजुरांची मुलं येतात. दोन्हींचे अर्ज स्वतंत्र. पहिला भरला की दुसरा आपोआप भरला जात नाही. आपल्याकडे दोन-अडीच एकराच्या कोरडवाहू रानावर घर चालवणारे किती तरी बाप आहेत. त्यांच्या मुलांनी तलाठ्याकडून अल्पभूधारकाचा दाखला आणून ठेवावा. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम आहे. आपण कोणत्या योजनेत बसतो ते मित्राच्या फॉर्मवरून ठरवू नका. मित्राचा प्रवर्ग वेगळा, उत्पन्न वेगळं.

मायबाप कारखान्यावर, ओटीपी त्यांच्या मोबाईलवर

ही अडचण आपल्या भागाची आहे आणि पोर्टल बनवणाऱ्याला ती माहीत असण्याचं कारण नाही. बीड, केज, धारूर, पाटोदा, परळी या भागांतली कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ती थेट उन्हाळ्यात परततात. शिष्यवृत्तीचे अर्ज बहुधा त्याच काळात चालू असतात. आधारला वडिलांचा नंबर जोडलेला, वडील कोल्हापूरकडच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडात, मोबाईल दिवसभर कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. इकडे पोरगं नेट कॅफेत बसून "आबा, नंबर सांगा" म्हणतंय, आणि आबांनी फोन उचलेपर्यंत ओटीपीची वेळ संपलेली.

यावर उपाय एकच आणि तो आधी करायचा आहे: आधारला स्वतःचा मोबाईल नंबर जोडून घ्या. जवळच्या आधार केंद्रावर किंवा टपाल कार्यालयात हे होतं. त्यानंतर तो नंबर चालू ठेवा. रिचार्ज संपला म्हणून नवं सिम घेतलं, तर पुढचं सगळं पुन्हा अडेल.

उत्पन्नाच्या दाखल्याचंही तसंच. ऊसतोडीची टोळी निघण्याआधी, शक्यतो एप्रिल ते जूनमध्येच तो काढून ठेवा. दाखल्यावर कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य आहे ते लिहिलेलं असतं, आणि ती मुदत बहुधा 31 मार्चची असते. म्हणून फेब्रुवारीत काढलेला दाखला नव्या वर्षाच्या प्रवेशापर्यंत टिकत नाही. जूनच्या शेवटी तहसीलला अर्जांचे गठ्ठे पडलेले असतात, त्याआधी गेलात तर चार खेटे वाचतील. रेशन कार्ड, सातबारा, जातीचा दाखला, अधिवास आणि नॉन-क्रिमीलेअर यांचे फोटो काढून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. घराला कुलूप असलं तरी कागद हाताशी राहतात.

नेट कॅफेबद्दल दोन शब्द. तिथला माणूस फॉर्म भरून देतो, त्याचे पैसे घेतो, यात काही वावगं नाही. पण युजरनेम, पासवर्ड आणि ईमेल तुमचेच असले पाहिजेत. अनेकांच्या अर्जावर कॅफेवाल्याचा ईमेल असतो. दुसऱ्या वर्षी अर्ज नूतनीकरणाला आला की पासवर्ड कुणालाच आठवत नाही, आणि अर्ज परत आल्याचा निरोप भलत्याच माणसाला गेलेला असतो.

मंजूर झाली, पण पैसे आले नाहीत

सगळ्यात जास्त रडू इथे येतं. पोर्टलवर रक्कम वितरित झाल्याचं दिसतं आणि पासबुकात काहीच नसतं. बँकेत विचारलं तर "आधार लिंक आहे की" असं उत्तर मिळतं. ते खरंही असतं. पण केवायसीसाठी खात्याला आधार जोडलेलं असणं वेगळं, आणि सरकारी पैसे येण्यासाठी एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) यादीत त्या खात्याची नोंद असणं वेगळं. सरकारकडून निघालेली रक्कम आधार क्रमांकावर निघते आणि त्या यादीत शेवटी ज्या बँकेची नोंद झाली असेल तिथे पडते. अर्जात तुम्ही कोणता खाते क्रमांक लिहिला, यावर ते ठरत नाही.

म्हणून आधी हे तपासा: यूआयडीएआयच्या, म्हणजे आधारच्याच, संकेतस्थळावर स्वतःच्या आधारने लॉगिन करून बँक सीडिंगची, म्हणजे या यादीतल्या नोंदीची, स्थिती बघा. तिथे बँकेचं नाव दिसतं. ते नाव पाहून कित्येक विद्यार्थी चकित होतात, कारण सिम घेताना किंवा गावात कुणी घरी येऊन अंगठा घेतला तेव्हा उघडलेलं एखादं पेमेंट बँकेचं खातं तिथे असतं. पैसे हरवलेले नसतात, त्या खात्यात पडून असतात. ते काढून घ्या. मग आपल्या नेहमीच्या बँकेत जाऊन, आधार डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) जोडण्याचा फॉर्म भरून द्या आणि काही दिवसांनी पुन्हा स्थिती तपासा.

"निष्क्रिय" दिसत असेल तरी हाच फॉर्म. शाळेत असताना उघडलेलं खातं दोन वर्षं वापरलं नसेल तर ते बंद अवस्थेत गेलेलं असतं. केवायसी नव्याने करून, थोडी रक्कम भरून ते चालू करून घ्या. अर्धवट केवायसीवर उघडलेल्या छोट्या खात्यावर शिल्लक आणि व्यवहारांच्या मर्यादा असतात, त्यामुळे पूर्ण केवायसी आधी करा. आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रकावरचं नाव वेगळं असेल, तर तीही दुरुस्ती पहिल्याच सत्रात उरका.

"ती आपल्यासाठी नसते"

वरच्या चुका कागदाच्या आहेत. ही चूक मनातली आहे, आणि मला ती जास्त सलते. विज्ञानाच्या गुणवत्तेवरच्या शिष्यवृत्त्या पुण्या-मुंबईच्या मुलांसाठी असतात, असं समजून आपली हुशार पोरं अर्जच करत नाहीत.

केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर शिष्यवृत्ती घ्या. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्याला वर्षाला 80,000 रुपये: 60,000 हातात आणि 20,000 उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. बारावीला आपल्या बोर्डाच्या वरच्या 1 टक्क्यात आलेला विद्यार्थी अर्ज करू शकतो. इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, विषय. भौतिक, रसायन, गणित, वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव, संख्याशास्त्र असे विषय यादीत आहेत, कॉम्प्युटर सायन्स आणि बायोटेक्नॉलॉजी या पदव्या नाहीत. प्रवेश घेण्याआधी हे बघितलं नाही, तर नंतर हळहळून उपयोग नसतो. दुसरं, वर्ष. बारावी झाली त्याच वर्षी बी.एस्सी.ला प्रवेश असावा लागतो. लातूर-नांदेडला नीटसाठी वर्ष रिपीट करणारे शेकडो विद्यार्थी आहेत. बारावीला उत्तम गुण असतील आणि मूलभूत विज्ञानाची मनापासून ओढ असेल, तर रिपीटचा निर्णय घेताना हाही हिशेब घरच्यांसमोर मांडा.

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरची पीएम-यूएसपी ही केंद्रीय योजना तर अजून जास्त जणांच्या आवाक्यात आहे. पदवीच्या तीन वर्षांत दरसाल 12,000 रुपये, कौटुंबिक उत्पन्न 4.5 लाखांपर्यंत. अट आहे बारावीला 80 पर्सेंटाइलच्या वर असण्याची. त्याचा अर्थ 80 टक्के गुण असा घेऊन कितीतरी जण मागे फिरतात. तुमच्या शाखेतल्या दर शंभर विद्यार्थ्यांमागे ऐंशी जण तुमच्या मागे असणं, एवढाच त्याचा अर्थ आहे. तेव्हा स्वतःच स्वतःला अपात्र ठरवू नका. नूतनीकरणाला 50 टक्के गुण आणि 75 टक्के हजेरी लागते, दुसरी शिष्यवृत्ती चालू असेल तर ही घेता येत नाही. अर्ज करण्याआधी दोन्हींच्या रकमा समोर ठेवून निवड करा.

पैशांइतक्याच मोलाच्या काही संधी आहेत. बेंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. निवड झाली तर दोन महिने मोठ्या प्रयोगशाळेत काम, शिवाय विद्यावेतन. त्याला शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं, आणि आपली मुलं ते मागायला लाजतात. शेवटच्या रात्री फोन करतात, तेव्हा शिक्षकाला घाईत चार सर्वसाधारण वाक्यं लिहून द्यावी लागतात. महिनाभर आधी भेटा. कोणता प्रयोग मनापासून केला, काय वाचलं, पुढे काय करायचंय ते एका पानावर लिहून द्या. मग पत्रात तुम्ही दिसता. गणिताच्या मुलांनी पुण्याचं स. प. महाविद्यालय आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र यांची माधव गणित स्पर्धा सोडू नये. विद्यापीठांची "आविष्कार" संशोधन स्पर्धा आपल्याकडे दोन्ही विद्यापीठांत होते. तिथे दुष्काळ, पाणी, कापूस, तूर यांवरचा प्रकल्प घेऊन जाणाऱ्याकडे स्वतःच्या गावची निरीक्षणं असतात, ती कुठल्याही पुस्तकात नसतात.

महाविद्यालयातली दात्यांची पारितोषिकं आणि विद्यापीठाची पदकं यांबद्दल थोडक्यात: काही आपोआप मिळतात, काहींना अर्ज लागतो. कोणती कशी, ते पहिल्या वर्षीच कार्यालयात विचारून घ्या.

अर्ज परत आला तर

"सेंड बॅक" किंवा "डिफेक्टिव्ह" म्हणजे नाकारला असं नव्हे. त्रुटी लिहिलेली असते, ती दुरुस्त करून ठरलेल्या तारखेच्या आत पुन्हा पाठवायचा असतो. पाठवल्यावरही काम संपत नाही: अर्ज आधी महाविद्यालयाच्या लॉगिनला जातो, तिथून पुढे विभागाकडे. महाविद्यालयातच तो अडकला असेल तर संबंधित लिपिकाला अर्ज क्रमांकासह लेखी द्या आणि पोच घ्या. लिपिकाकडे शेकडो अर्ज असतात, क्रमांक हातात असला की त्यांनाही शोधायला सोपं जातं. विभागाकडे महिनोन्महिने थांबला असेल, तर पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपा आणि तोच क्रमांक लिहून समाजकल्याण किंवा उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात अर्ज द्या. जाताना अर्जाची प्रत, सीडिंगच्या स्थितीचा प्रिंट आणि पासबुकाची झेरॉक्स सोबत ठेवा. या तीनपैकी एक नसलं की दुसऱ्या दिवशी परत यायला सांगतात, आणि हॉस्टेलवरून जिल्ह्याच्या गावी जाऊन येण्यात तुमची दोन प्रॅक्टिकल बुडतात.