विभंगाभोवतीच्या खडकाचे प्रतिमान : सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वीची तयारी

नकाशावर विभंग, म्हणजे खडक ज्या तुटीवर सरकले आहेत ती जागा, एका रेषेने दाखवतात आणि भूभौतिकी सॉफ्टवेअरमध्ये तो एका पृष्ठाने काढता येतो. प्रत्यक्षात मात्र त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना काही अंतरापर्यंत खडक भेगाळलेला, पाणी धरलेला आणि कुजलेला असतो, आणि त्याची घनता, विद्युत रोधकता व त्यातून जाणाऱ्या लहरींचा वेग हळूहळू मूळ खडकाच्या मूल्यांवर येतात. हा बदल किती अंतरात आणि कोणत्या चालीने होतो हे आपण आधी कागदावर मांडले नाही, तर सॉफ्टवेअर जमिनीचे ज्या जाळीत तुकडे करते तिच्या कप्प्यांचा आकार आणि मूल्ये पसरवण्याची पद्धतच ते ठरवून टाकते. पुढील तयारी कोयना परिसर डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे, कारण ११ डिसेंबर १९६७ च्या ६.३ तीव्रतेच्या भूकंपानंतर तिथल्या खडकांचा जितका तपास झाला, तितका दख्खनच्या पठारावर क्वचितच कुठे झाला असेल.

प्रथम माहीत असलेले आणि गृहीत धरलेले यांची वेगवेगळी नोंद करावी. भूकंपानंतर दोनाचीवाड्याजवळ जमिनीला पडलेल्या भेगा, त्यांची साधारण उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैर्ऋत्य दिशा, आणि विंधनछिद्रांत प्रत्यक्ष लागलेला खडक ही माहीत असलेली बाजू होय. याच परिसरातील रासाटी येथे ९३३ मीटर बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइट-नाइस (पठाराखालचा जुना, स्फटिकी पायाचा खडक) लागला, मध्ये गाळाचा खडक आढळला नाही. गोठणे येथील सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्रात बेसाल्टची जाडी सुमारे १,२५० मीटर भरली. हे आकडे प्रतिमानात घालण्यापूर्वी प्रत्येक छिद्राच्या तोंडाची समुद्रसपाटीपासूनची उंची शेजारी लिहावी, कारण खोली ही तोंडापासून मोजलेली असते आणि डोंगराळ मुलखात दोन छिद्रांच्या खोल्यांची थेट तुलना केली, तर तळाच्या ग्रॅनाइटला नसलेला उतार मिळतो. विभंगाची नती (आडव्या पातळीशी होणारा उताराचा कोन) आणि भेगाळलेल्या पट्ट्याची रुंदी मात्र गृहीतकांच्या रकान्यात जावी.

मग मूळ खडकाचे गुणधर्म ठरवावेत. बेसाल्ट हा एकच खडक समजू नये. विहीर खणणारे काळा पाषाण, मांजऱ्या (बारीक पोकळ्यांचा बेसाल्ट), मुरूम आणि दोन प्रवाहांमधला गेरूसारखा तांबडा थर असे भेद करतात, ते भूभौतिकीच्या दृष्टीनेही खरे आहेत. घट्ट काळ्या पाषाणाची घनता घन सेंटीमीटरला २.९ ग्रॅमच्या आसपास असते, मांजऱ्याची त्याहून बरीच कमी, आणि खालच्या ग्रॅनाइट-नाइसची साधारण २.७. म्हणजे इथे जड खडक वर आणि हलका खाली आहे. सॉफ्टवेअर घनता मागते की घनतेतील फरक, आणि कोणत्या एककात, हे आधी तपासले नाही तर चिन्हच उलटते.

यानंतर विभंगापासूनच्या अंतरानुसार होणारा बदल लिहावा. गाभ्यात चुरा आणि चिकणमाती, त्याबाहेर भेगांचा पट्टा, आणि अंतराबरोबर भेगांची दाटी प्रथम झपाट्याने व नंतर सावकाश कमी होत जाणे, ही मांडणी बहुतेक ठिकाणी सुरुवातीला पुरते. घातांकी घट घेतली तर गाभ्याजवळचे मूल्य आणि घटीचे अंतर (ज्या अंतरात फरक सुमारे एक-तृतीयांशावर येतो ते) असे दोनच आकडे ठरवावे लागतात. दोन्ही बाजू सारख्या असतीलच असे नाही, म्हणून प्रत्येक बाजूला स्वतंत्र अंतर द्यावे.

ज्या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा असे मला वाटते, तो म्हणजे आपली मोजणी हा बदल पाहू शकते का, याचा हिशेब. समजा, पट्टा १०० मीटर रुंद आहे, ५० मीटर खोलीपासून १,००० मीटर खोलीपर्यंत उभा जातो आणि त्यात घनता ०.१ ग्रॅमने कमी आहे; तर त्याच्या बरोबर वर गुरुत्वाकर्षणात होणारी घट जेमतेम ०.४ मिलिगॅल (गुरुत्वीय त्वरणाचे लहान एकक) येते. स्थानकाच्या उंचीत १ मीटरची चूक झाली, तर तेवढ्यानेच सुमारे ०.२ मिलिगॅलचा फरक पडतो. खालच्या ग्रॅनाइटचा माथा विस्तृत भागात ५० मीटर वर किंवा खाली असेल, तर ०.२ ग्रॅमच्या फरकाने तोही ०.४ मिलिगॅलच देतो. तो अधिक रुंद भागात पसरलेला असल्यामुळे वेगळा ओळखता येतो, पण त्यासाठी मोजणीची रेषा विभंगाच्या दोन्ही बाजूंना पुरेशी लांब हवी. सह्याद्रीच्या कड्यांजवळ भूरूपाची दुरुस्ती, म्हणजे आसपासच्या डोंगरदऱ्यांच्या ओढीसाठी करावी लागणारी वजाबाकी-बेरीज, या संकेताहून सहज मोठी असू शकते, म्हणून उंचीचे चांगले प्रतिमान हाती आल्याशिवाय या पट्ट्याच्या मागे लागू नये.

चुंबकीय मोजणीसाठी अवशिष्ट चुंबकत्वाची, म्हणजे खडक थिजताना त्यात कायम राहिलेल्या चुंबकत्वाची, दिशा आधी मिळवावी. दख्खनच्या प्रवाहांचा मोठा भाग पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र उलटे असताना आणि भारताचा भूखंड दक्षिण गोलार्धात असताना थिजला. त्यामुळे केवळ आजच्या क्षेत्राने निर्माण होणारे चुंबकत्व धरून केलेले प्रतिमान दिसायला नीटनेटके असूनही चुकीचे असू शकते. रोधकतेच्या बाबतीत एवढेच ध्यानात ठेवावे की कुजलेल्या बेसाल्टमधली चिकणमाती स्वतः वीज वाहते, म्हणून कमी रोधकतेवरून सच्छिद्रता आणि पाणी परस्पर काढू नये.

आता जाळी. घटीच्या अंतरात किमान चार-पाच कप्पे बसले पाहिजेत आणि दूर गेल्यावर ते मोठे होत जावेत. छिद्रांतील मूल्ये विभंगाच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी पसरवू नयेत, तर आधी खंड वेगळे करावेत. जुने टोपोपत्रक आणि उपग्रहाधारित स्थाननिर्देश यांचे भूमापन-आधार (अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी धरलेला पृथ्वीचा आकार व आरंभबिंदू) वेगळे असतात, आणि हा फरक न सुधारता वापरला तर रेषा पट्ट्याच्या रुंदीइतकी सरकू शकते; म्हणून सर्व माहिती एकाच पद्धतीत, कोयनेसाठी यूटीएम या मीटरमधील नकाशा-निर्देशांक पद्धतीच्या ४३ व्या पट्ट्यात, आणून ठेवावी.

शेवटी, पट्टा मुळीच नसलेले, तीव्र सीमेचे आणि हळूहळू बदलणारे, अशी तीन प्रतिमाने एकाच जाळीवर चालवण्यासाठी फायली तयार ठेवाव्यात, आणि त्यांच्या उत्तरांतील फरक मोजणीतील चुकीहून मोठा आहे का, हे पाहिल्यानंतरच इन्व्हर्जनला, म्हणजे मोजणीवरून उलट खडकाचे गुणधर्म काढण्याच्या कामाला, हात घालावा.