आई-बाबांच्या वळणावर जाताना

खुर्चीतून उठताना ‘आई गं’ निघतं आणि तो सूर थेट बाबांचा असतो. खोलीबाहेर पडताना हात आपोआप दिव्याच्या बटणाकडे जातो. दुधाची पिशवी धुऊन ओट्याच्या टाइलवर चिकटवली जाते. फोनवर ‘चल, ठेवते’ म्हटल्यावर आणखी दहा मिनिटं बोलणं चालतं. खाण तशी माती, हे पंचेचाळिशीच्या पुढे फार स्पष्ट दिसू लागतं. ते लपवण्यात दमून जाण्यापेक्षा नीट ओळखावं, त्यातलं हवं ते ठेवावं आणि मनसोक्त हसावं.

सुरुवात वहीने करा. पंधरा दिवस रोज दोन ओळी पुरतात: काय केलं किंवा म्हटलं, ते कोणाचं, आणि त्या वेळी काय चाललं होतं. शेवटची नोंद टाळू नका, पुढची निवड तिच्यावरच होते. पडताळणीसाठी जोडीदारापेक्षा भावंडं बरी, कारण ती त्याच घरात वाढलेली असतात. ‘अगदी तुझ्या आईसारखी करतेस’ हे वाक्य मात्र बऱ्याच घरांत भांडणातलं हत्यार असतं. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवा, वाद चालू असताना कोणाच्याही आई-बाबांचं नाव काढायचं नाही. हे पाळलं नाही तर चार दिवसांत वही बंद पडते.

पंधरा दिवसांनी नोंदींचे तीन ढीग करा: शरीराच्या, घराच्या आणि काळजीच्या.

शरीराच्या ढिगात पहिला मान डोळ्यांचा. पेपर हातभर लांब धरणं ही बाबांची लकब वाटते, पण डोळ्यातलं भिंग वयाने कडक होतं आणि जवळचं पाहताना पुरेसं फुगत नाही, हे तिचं कारण. मराठीने त्या चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हटलंय, इतकं ते ठरलेलं आहे. चाळिशीच्या सुरुवातीला साधारण +१ चा नंबर लागतो, साठीपर्यंत तो +२.५ च्या आसपास जातो. दुकानात मिळणाऱ्या तयार चष्म्यात दोन्ही काचांचा नंबर सारखाच असतो. आपल्या डोळ्यांचे नंबर वेगळे असतील तर डोकं दुखतं. शिवाय काचबिंदू चष्मा लावून कळत नाही, म्हणून चाळिशीनंतर तपासणीत डोळ्यांचा दाब आणि मागचा पडदाही बघायला सांगा.

कानांचंही तसंच. वयानुसार आधी उंच पट्टीतले आवाज जातात, म्हणजे स, श, फ यांसारखी व्यंजनं. त्यामुळे ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ ही तक्रार खरी असते. टीव्ही मोठा केल्याने स्वर वाढतात, शब्द फारसे सुटे होत नाहीत. बोलणाऱ्याने समोर येऊन, ओरडण्याऐवजी सावकाश बोलावं आणि ऐकणाऱ्याने कानांची तपासणी करून घ्यावी.

उठतानाच्या ‘आई गं’चं माप घेता येतं. साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची, चाकं आणि गादी नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर आडवे घ्या आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. साठ ते चौसष्ट वयात बायकांचे १२ आणि पुरुषांचे १४ पेक्षा कमी भरले तर मांड्यांची ताकद कमी पडते आहे. मग हाच व्यायाम रोज दोनदा, आठ-दहा वेळा करा. श्वास रोखू नका, उठताना सोडा. गुडघा दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

‘अगं ते हे, त्याचं ते...’ यावर घरात सर्वांत जास्त हशा पिकतो. विशेषनामं निसटतात, कारण नावाला अर्थाचा धरबंध नसतो. माणूस, त्याचं गाव, त्याची गाडी आठवते, नाव तेवढं अडतं. पहिलं अक्षर आठवून पाहा, नाहीतर विषय पुढे न्या. नाव मागून येतं. वस्तू कशासाठी आहे हेच न कळणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, तासाभरात तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं मात्र हसण्याच्या यादीत घालू नका. तिथे डॉक्टर हवेत.

घराचा ढीग गोड असतो. रबरबँड दाराच्या मुठीला, पिशव्यांची पिशवी, श्रीखंडाच्या डब्यात मोहरी. १९७२ चा दुष्काळ, रेशनवरची लाल मिलो ज्वारी, दुष्काळी कामावर वाटली जाणारी सुकडी आणि रॉकेलची रांग पाहिलेल्या घरांत ताटात टाकणं हा गुन्हाच होता. सवय ठेवा, तिला माप द्या: वीस पिशव्या, एका डब्यात मावतील एवढे रबरबँड, आणि झाकण हरवलेला डबा त्याच दिवशी बाहेर. माप नसलं की सगळा माळा भरतो आणि आवरायचं काम मुलांवर पडतं.

काळजीच्या ढिगावर वेळ द्या, कारण खरी मोकळीक तिथे आहे. ‘पोचलास की फोन कर’ हे तार आणि ट्रंक कॉलच्या दिवसांतलं आहे. अवेळी आलेली तार म्हणजे वाईट बातमी, असं तेव्हा घरोघरी धरून चालायचे. तारसेवा जुलै २०१३ मध्ये संपली, धास्ती राहिली. एकदाच सांगा आणि वेळ ठरवा: ‘नऊपर्यंत नुसता अंगठा पाठव.’ नऊच्या आधी फोन करायचा नाही. पहिला आठवडा जड जातो. ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य वहीत आलं की पुढे त्या लोकांची नावं लिहा. दोन-तीनपेक्षा जास्त सुचत नाहीत.

हसण्याचाही एक धडा आपल्याकडेच मिळाला आहे. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईच्या एका बागेत पाच जणांना घेऊन हास्य क्लब सुरू केला. दोनेक आठवड्यांत विनोद संपले आणि त्यातले काही बोचरेही निघाले, म्हणून विनोदाशिवाय हसण्याचे व्यायाम आले. घरातही तेच होतं. नक्कल आधी स्वतःची करा, आई-बाबांची असेल तर त्यांच्यासमोर आणि त्यांच्या लाडक्या सवयीची. त्यांच्यासमोर करवत नसेल ती नक्कल सोडून द्या. त्यांच्या कानावर, विसरण्यावर, लघवीच्या घाईवर हसू नका. त्यांचे खास शब्द त्यांच्याच आवाजात दहा-दहा मिनिटं फोनवर ध्वनिमुद्रित करा. ‘पूर्वी काय व्हायचं’ असं विचारण्याऐवजी ‘शेवयांचा पाट कुठे असायचा’ असं विचारलं की बोलणं खुलतं.

मग वहीत एक कोरं पान घ्या आणि आई-बाबांनी स्वतःला जे कधी करू दिलं नाही ते लिहा. केस रंगवणं थांबवायचं असेल तर हिशेब असा: केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, खांद्यापर्यंतचे पूर्ण पांढरे व्हायला दोन वर्षं लागू शकतात. मधला दुरंगी काळ कंटाळवाणा असतो, आखूड कापले तर सहा-आठ महिन्यांत सुटका. रंगवतच राहायचं असेल तर आधी कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबा, खाज आली तर तो रंग नको. लग्नाला जायचं नसेल तर आठवडाभर आधी फोन करून ‘जमणार नाही, आहेर पाठवते’ एवढंच सांगा. कारणं जोडली की समोरचा ती एकेक सोडवत बसतो.

एकट्याने प्रवासाला निघायचं असेल तर राज्याच्या हद्दीत एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पुरुषांना पासष्टपासून अर्धं, आणि पंचाहत्तरीनंतर सर्वांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत. वयाचा पुरावा जवळ ठेवा. रेल्वेत खालच्या बर्थचा कोटा पुरुषांना ६० पासून, बायकांना ४५ पासून मिळतो, पण एका तिकिटावर एकटं किंवा दोघंच असाल आणि दोघंही त्या वयाचे असाल तरच. सगळ्या कुटुंबाचं एकच तिकीट काढलं की हा कोटा लागत नाही, म्हणून आपलं तिकीट वेगळं काढा.