मुरघास, थंड दूध आणि लिस्टेरिया : हिवाळ्यातील सल्ला

खरीप मक्याचा मुरघास (हवाबंद साठवून आंबवलेला हिरवा चारा) भरून दोन-अडीच महिने होत आले आहेत आणि हिरवा चारा कमी पडू लागल्याने अनेक गोठ्यांत आता खड्डे व बॅगा उघडल्या जात आहेत. थंडीच्या दिवसांत चारा आणि दूध सहसा नासत नाही, असा आपला अनुभव असतो. जनावरांना आणि माणसांनाही आजारी पाडणाऱ्या लिस्टेरिया मोनोसायटोजिनस या जिवाणूच्या बाबतीत मात्र त्यावर विसंबणे धोक्याचे आहे, कारण 4 अंश सेल्सिअसलाही तो वाढत राहतो आणि शून्य अंशाच्या आसपासही त्याची वाढ पूर्णपणे थांबेलच असे नाही.

थंडीत पेशीचे आवरण ताठरू नये म्हणून हा जिवाणू त्यातील मेदाम्ले बदलतो आणि भोवतालच्या अन्नातून बीटेन व कार्निटीन ही द्रव्ये आत ओढून घेतो. मिठाचा मारा सोसायलाही त्याला हीच द्रव्ये उपयोगी पडतात. परंतु त्याच्या सर्व उपप्रकारांना हे सारखे साधत नाही. कोरडवाहू रानात मालदांडी ज्वारी तग धरते आणि शेजारचा दुसरा वाण माना टाकतो, तसाच फरक येथेही दिसतो. फ्रिजच्या तापमानाला काही उपप्रकार लवकर वाढीला लागतात, तर काही बराच काळ नुसते टिकून राहतात. काहींमध्ये पाच जनुकांचा एक गट असतो, त्यामुळे आम्लता आणि मीठ ते अधिक सोसतात. काहींना बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखे जंतुनाशक सौम्य मात्रेत पुरत नाही. फ्रान्समधील नमुन्यांच्या अभ्यासात माणसाला गंभीर आजार करणारा सीसी-1 हा उपप्रकारांचा गट दुग्धजन्य पदार्थांशी अधिक निगडित आढळला, ही बाब दूध उत्पादकांनी विशेष ध्यानात घ्यावी. आपल्या गोठ्यात कोणता उपप्रकार आहे हे डोळ्यांनी कळणे शक्य नसल्याने तो चिवटच आहे असे धरून काम करावे.

मुरघास नीट मुरला असेल, तर त्याचा सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) 4.2 च्या आत येतो आणि तेथे लिस्टेरियाला वाढता येत नाही. धोका असतो तो हवा शिरलेल्या भागात. बॅगेला उंदराने पाडलेले छिद्र, खड्ड्याच्या कडा आणि ताडपत्रीखालचा वरचा थर येथे सामू 5 च्या वर गेला, की हा जिवाणू फोफावतो. उघडताना थोडा मुरघास मुठीत घेऊन पाहावा. चांगला मुरघास पिवळसर-हिरवट असतो आणि त्याला आंबूस-गोडसर वास येतो. काळपट, चिकट, बुरशीचे जाळे धरलेला किंवा कुबट वासाचा भाग असेल, तर त्याच्या भोवतालचा हातभर चांगला दिसणारा मुरघासही काढून टाकावा. तो वाया जातो म्हणून वाईट वाटते, पण तो शेळ्या-मेंढ्यांपुढे कदापि टाकू नये, कारण गाई-म्हशींपेक्षा त्या लिस्टेरियाच्या आजाराला लवकर बळी पडतात. उघड्या तोंडाचा रोज किमान अर्धा फूट थर पूर्ण रुंदीने काढावा आणि बॅगेचे तोंड लगेच आवळून बांधावे. पुढच्या वेळी कापणी जमिनीपासून चार-सहा इंच वर ठेवावी, कारण हा जिवाणू मुख्यतः मातीतून कुट्टीत येतो.

बाधित मुरघास खाल्ल्यानंतर लक्षणे दिसायला काही आठवडे लागू शकतात. जनावर एकाच दिशेने गोल फिरते, एका बाजूचा कान व ओठ लोंबतो, लाळ गळते. गाभण जनावर उशिराच्या महिन्यांत गाभडते. अशा वेळी पशुवैद्यकास त्वरित बोलवावे. गाभडलेले वासरू, करडू किंवा वार हातमोज्यांशिवाय हाताळू नये आणि घरातील गर्भवती स्त्रीने त्याच्या जवळही जाऊ नये.

लक्षणे नसलेले जनावरही शेणातून आणि दुधातून हा जिवाणू बाहेर टाकू शकते. बल्क कूलरमध्ये (दूध थंड ठेवण्याच्या मोठ्या टाकीत) दूध 4 अंशांना आले म्हणजे ते निर्धोक झाले असे नाही. दूध उकळल्याने किंवा 72 अंशांना 15 सेकंद पाश्चरीकरण केल्यानेच तो मरतो. कॅनच्या झाकणाचे रबर काढून त्याची खाच बोटाने चाचपावी. तेथे बुळबुळीत थर लागला, तर आधी ब्रशने घासून तो काढावा आणि मगच जंतुनाशक शिफारस केलेल्या पूर्ण मात्रेत वापरावे. पातळ केलेल्या द्रावणात चिवट उपप्रकार तेवढे मागे उरतात.

ज्यांच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या जातात, त्यांनी कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया भागात 1981 मध्ये घडलेला प्रकार जाणून घ्यावा. लिस्टेरियाने मेंढ्या दगावलेल्या एका शेतात त्याच कळपाचे कच्चे खत कोबीला घातले गेले आणि तो कोबी हिवाळाभर थंड कोठारात राहिला. त्या कोबीच्या कोशिंबिरीतून 41 जणांना बाधा झाल्याचे निष्पन्न झाले, आणि त्यांतील 34 प्रकरणे गर्भवती स्त्रिया व नवजात बालकांची होती. कोठारातील थंडीने इतर जिवाणू दबले असतील, पण लिस्टेरियाला वाढायला महिने मिळाले. म्हणून कोबी, कोथिंबीर, मेथी, गाजर अशा कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांत ताजे लेंडीखत घालू नये, ते पूर्ण कुजवून लागवडीपूर्वीच द्यावे, आणि मेंढ्या बसवायच्या असतील तर त्या रानात पुढचे पीक ज्वारी किंवा गव्हासारखे शिजवून खाण्याचे घ्यावे.