उन्हाळ्यात भरवलेली गाय का उलटते?

उन्हाळ्यात गाय उलटली, म्हणजे भरवल्यावर (रेतन केल्यावर) गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की खापर बहुधा रेतमात्रेवर फुटते. पण वळू माज स्वतःच हुडकतो; कृत्रिम रेतनात ते काम माणसाकडे येते, आणि या पद्धतीची सर्वांत कच्ची बाजू तीच आहे. एरवी 12 ते 18 तास टिकणारा माज कडक उन्हात आखूड आणि मुका होतो. गाय हंबरत नाही, उड्या घेत नाही, खुणा दिसल्याच तर रात्री किंवा पहाटे. म्हणून पहाटे आणि रात्री झोपण्यापूर्वी शेपटीखाली पाहावेच. सोट (माजात गळणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ, तार धरणारा हवा. पांढरट किंवा पूमिश्रित असेल तर आधी उपचार. सकाळी माजावर आलेली गाय संध्याकाळी भरवावी, संध्याकाळची दुसऱ्या दिवशी सकाळी. शेपटीला रक्त दिसले तर माज सरला; तारीख लिहून ठेवा आणि 18व्या दिवसापासून पुढच्या माजावर लक्ष ठेवा.

गोठवलेल्या रेताची कांडी (बारीक नळी) उणे 196 अंशांच्या द्रव नत्रात असते. उन्हाळ्यात नत्र लवकर उडते, पातळी घसरते. एकदा अर्धवट गरम होऊन पुन्हा बुडवलेली कांडी बाहेरून तशीच दिसते, आतले शुक्रजंतू मात्र मेलेले. वापरताना कांडी 35 ते 37 अंशांच्या पाण्यात 30 ते 40 सेकंद धरून वितळवावी, तेही थर्मामीटर लावून (बोट बुडवून अंदाज घेणे चालत नाही). मग कांडी कोरडी पुसावी, कारण पाण्याचा थेंब आत गेला तरी शुक्रजंतू मरतात. उन्हात तापलेली गन (कांडी बसवून रेत आत सोडायची लांब नळी) वापरू नये. रेतन 10–15 मिनिटांत उरकावे.

रेत गर्भाशयमुख ओलांडल्याबरोबर सोडायचे. गन जोराने पुढे रेटली तर जखम होते, जंतू आत जातात. काही गाभण गाईही माज दाखवतात. त्यांच्यात गन गर्भाशयात गेली तर गाय गाभडू शकते. त्यामुळे आधी भरवलेली गाय असेल तर गर्भतपासणी केल्याशिवाय हात घालू देऊ नका.

वळूचा क्रमांक नोंदवला नाही तर बापाचेच रेत लेकीला जाते. लहान चणीच्या कालवडीला थोराड जातीचे रेत दिले की वासरू अडते.

भरवल्यावर पहिला आठवडा गाय सावलीत ठेवावी, पाणी भरपूर द्यावे. कोवळा गर्भ उष्णतेने जिरतो. तीनदा भरवूनही उलटली तर चौथी कांडी नको, पशुवैद्यकाकडून गर्भाशय तपासून घ्या. न तपासलेला मोकाट वळू हा त्यावरचा उपाय नव्हे, त्याच्याकडून सांसर्गिक गर्भपाताचा रोग गोठ्यात येऊ शकतो.