पट्टीत रुपयाचा फरक का पडतो? दुसरी प्रोग्रामिंग भाषा जोडताना या चुका टाळा

लातूर, जालना किंवा नांदेडच्या मोंढ्यातील आडत दुकानांसाठी हिशोबपट्टीचा (शेतकऱ्याच्या मालाची विक्री आणि कपाती दाखवणाऱ्या पावतीचा) प्रोग्राम लिहिणारे बहुधा दोघे-तिघेच असतात, आणि त्यांतला एक जण पुण्याला नोकरीला गेला की त्याचा कोड उरलेल्यांच्या गळ्यात पडतो. म्हणून प्रोग्रामिंग भाषेतील एखादी अवघड सोय वापरायची की दुसरी भाषाच जोडायची, हे पुढे दुरुस्ती कोण करणार ते पाहून ठरवावे.

स्क्रीनवर हमाली १३ रुपये दिसते आणि छापील पट्टीवर १२ येते, ही तक्रार आली की एकच हिशोब दोन भाषांत लिहिला आहे का, ते आधी तपासावे. जावास्क्रिप्टचे ‘मॅथ.राउंड’ १२.५ चे १३ करते. पायथन ३ मधील ‘राउंड’ मात्र बरोबर अर्ध्यावर आलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेत असल्याने तेथे १२ मिळतात. १३.५ चे दोन्हीकडे १४ होतात, त्यामुळे ही चूक चाचणीत सहज निसटते. हिशोब एकाच भाषेत करावा, रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून पाठवावी आणि दुसऱ्या भाषेने ती फक्त दाखवावी. अर्धा रुपया वर धरायचा की खाली, हे मात्र दुकानदाराला विचारावे. ते प्रोग्रामरने परस्पर ठरवू नये.

शेतकऱ्याचे नाव अर्धवट छापले जात असेल, तर लांबी कोणत्या मापाने मोजली ते पाहावे. ‘लातूर’ची लांबी पायथन काना आणि ऊकारही वेगळे मोजून ५ सांगते, तर गो भाषा यूटीएफ-८ (अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) मधील बाइट मोजून, म्हणजे प्रत्येक चिन्हाचे तीन धरून, १५ सांगते. २० बाइटांवर नाव तोडले, तर सातवे चिन्ह मध्येच फुटते.

एकाच भाषेत राहिल्याने सगळे सोपे होते, असेही नाही. हमाली, तोलाई या कपातींचे क्लास मेटाक्लासने (क्लास तयार होतानाच चालणाऱ्या पायथनमधील अवघड सोयीने) आपोआप नोंदवले आणि तोलाईची फाइल कुठेच इम्पोर्ट झाली नाही, तर तोलाई कापली जात नाही आणि एररही येत नाही. अशा वेळी सर्व कपातींची साधी यादी एका फाइलीत हाताने लिहिलेली बरी. तरीही छोट्या चमूने मेटाक्लास आणि दुसरी भाषा या दोहोंतून निवड करायचीच असेल, तर मी मेटाक्लास पत्करेन, कारण डीबगर निदान त्याच्या आतपर्यंत पोहोचतो.

डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा असलेल्या एसक्यूएलला दुसऱ्या भाषेवरचा हा आक्षेप लागू नाही. गावनिहाय बेरीज पायथनच्या लूपपेक्षा एसक्यूएलच्या ‘ग्रुप बाय’ने अधिक स्पष्ट होते. केवळ वेगासाठी गो किंवा सी आणण्याआधी सीप्रोफाइल (वेळ कुठे जातो ते दाखवणारे पायथनचे साधन) चालवून पाहावे. पुष्कळदा प्रत्येक शेतकऱ्यामागे लूपमध्ये चालणारी एखादी डेटाबेस क्वेरीच सापडते.