ताशी दर आणि कायम पगार यांची तुलना कशी करावी

पुण्यात वर्षाला १२ लाख रुपये सीटीसीवर (म्हणजे कंपनी त्याच्यावर करत असलेल्या एकूण खर्चावर) काम करणाऱ्या सॉफ्टवेअर अभियंत्याला ताशी ७०० रुपयांचे फ्रीलान्स काम सांगून आले, की तो बहुधा महिन्याच्या एक लाखाला १७६ तासांनी (२२ दिवस, रोज आठ तास) भागतो, ५६८ हा आकडा काढतो आणि नव्या कामात फायदा आहे असे समजतो. भागाकार बरोबर असला तरी तास चुकलेले असतात. पगार सुट्टीच्या दिवसाचाही मिळतो; फ्रीलान्सरला मात्र बिलात लावलेल्या तासांचेच पैसे मिळतात.

प्रथम सीटीसीची फोड पाहावी. मूळ वेतन ६ लाख असेल, तर मालकाच्या वाट्याचा १२ टक्के पीएफ म्हणजे ७२,००० रुपये आणि ग्रॅच्युइटीसाठीची, म्हणजे दीर्घ सेवेनंतर नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेसाठीची, ४.८१ टक्के तरतूद म्हणजे २८,८६० रुपये त्यातच धरलेले असतात. पीएफ शेवटी तुमचाच असतो, म्हणून तो मोजावा. पाच वर्षांच्या आत नोकरी सोडण्याचा विचार असेल, तर ग्रॅच्युइटी वगळावी. येथे सोयीसाठी पूर्ण १२ लाख धरू.

आता दिवस मोजावेत. ३६५ मधून शनिवार-रविवारचे १०४ दिवस, महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ प्रमाणे मिळणाऱ्या ८ सणाच्या सुट्ट्या व ८ किरकोळ रजा आणि समजा १५ अर्जित रजा वजा केल्या, तर २३० दिवस उरतात. रोजच्या आठ तासांप्रमाणे ते १,८४० तास होतात आणि पगाराचा खरा ताशी दर ६५२ रुपये येतो.

फ्रीलान्सरचे दिवस तेवढेच धरले तरी तास तेवढे नसतात. मी पहिल्या वर्षी रोजचे तास वहीत लिहून ठेवत असे. एका मंगळवारच्या पानावर सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा अशी वेळ आहे, आणि त्यात बिलात धरता आलेले काम ४ तास ४० मिनिटांचे आहे. उरलेला वेळ नव्या कामाचा अंदाज देण्यात, ग्राहकाशी फोनवर बोलण्यात आणि थकलेल्या बिलाचा पाठपुरावा करण्यात गेला. तेव्हापासून मी दिवसाला पाचच तास धरतो. अशी नोंद महिनाभर ठेवल्याशिवाय कोणीही दर ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे.

म्हणजे वर्षाला १,१५० तास झाले. १२ लाखांत आरोग्य विम्याचे ३० हजार, लॅपटॉपच्या वर्षाच्या वाट्याचे ३० हजार, इंटरनेट व सॉफ्टवेअरचे ४० हजार, सीएचे २० हजार आणि बसण्याच्या जागेचे ६० हजार मिळवले, तर १३ लाख ८० हजार होतात आणि दर ताशी १,२०० रुपये निघतो. वर्षातून दोन महिने काम मिळाले नाही, तर तोच दर १,४४० वर जातो. म्हणून ७०० रुपयांचे ते काम प्रत्यक्षात पगारकपात आहे.

कराचा फरक या पातळीवर फारसा पडत नाही. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर लागत नाही, त्यामुळे ही नोकरी करणारा आणि अनुमानित उत्पन्नाच्या तरतुदीनुसार, म्हणजे खर्चाचा तपशील न देता, मिळालेल्या पैशांपैकी निम्मेच उत्पन्न म्हणून दाखवणारा फ्रीलान्सर हे दोघेही करमुक्त राहतात. मात्र व्यावसायिक सेवेच्या बिलातून १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापून घेतलेला कर) कापला जातो, म्हणजे सुमारे १ लाख ३८ हजार रुपये परतावा येईपर्यंत अडकून पडतात. तेवढी शिल्लक आधीच गाठीशी हवी. वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे जाणार असेल, तर कोटेशनमध्ये ‘अधिक १८ टक्के जीएसटी’ असे स्पष्ट लिहावे.

माणूस नेमणाऱ्यानेही ६५२ आणि १,२०० समोरासमोर ठेवून निर्णय घेऊ नये. कर्मचाऱ्याच्या आठ तासांतून बैठका आणि अंतर्गत कामे वगळून सहा तास उरतात असे मानले आणि जागा, यंत्र, विमा यांचे १ लाख ८० हजार त्याच्या खर्चात धरले, तर कंपनीलाही तासाला १,००० रुपये पडतात. वरचे २०० रुपये हे काम संपताच करार थांबवता येण्याच्या मोकळिकीचे मोल आहे. काम सहा महिन्यांचे असेल, तर ते रास्त आहे. तीन वर्षांचे असेल, तर कायम माणूस घ्यावा.

शेवटी पैसे मिळण्याची मुदत पाहावी, कारण ९० दिवसांनी मिळणारे १,२०० रुपये आणि एक तारखेला मिळणारा पगार यांची बरोबरी होत नाही. उद्यम ही लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाला २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत आणि उशिराबद्दल रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. ही नोंदणी विनामूल्य आहे. ती करारावर सही करण्यापूर्वी करून घ्यावी आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा.